हिने भरलेली बॅग

विमानाला तीन दिवस उरले होते तेव्हा शेजारचे मास्तर आले, माझ्या पलंगावर बसले आणि म्हणाले, "चला, ती लहान बॅग उघडा. काय काय भरलंय ते बघतो."

मी म्हणालो, "ती उघडायची नाही."

मास्तर आयुष्यात एकदाच विमानात बसले. त्याला नऊ वर्षं झाली, पण ते अजून खाली उतरलेले नाहीत. कुणी प्रवासाचं नाव काढलं की ते पट्टा कसा लावायचा इथपासून सुरू करतात.

"उघडायची नाही म्हणजे? चेन बिघडलीय का?"

"चेन चांगली आहे. ती बॅग हिने भरलीय."

मास्तरांनी पलंगाखाली नजर टाकली. मग हळू आवाजात म्हणाले, "अहो, पण अकरा महिने झाले."

अकरा महिने झाले हे मला माहीत होतं. आमच्या पोरीचे दिवस भरत आले होते आणि आम्ही दोघं तिच्याकडे निघणार होतो. हिने अकरा दिवस आधी बॅग भरून पलंगाखाली सारली. निघायला तीन दिवस असताना दुपारी चहाचं आधण ठेवायला म्हणून उठली आणि तिथेच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. पोरगी नवव्या महिन्यात, तिला विमानात कोण बसू देणार? तिने सगळं फोनवर बघितलं. बॅग पलंगाखाली राहिली ती राहिलीच.

आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. कपबशा, बरण्या, काचेची भांडी. ही पॅकिंग खात्यात, मी डिलिव्हरीच्या गाडीवर. ती भरायची, मी पोचवायचो. आमच्याकडे नियम होता. खोक्याला एकदा चिकटपट्टी लागली की ड्रायव्हरने तो उघडायचा नाही. गिऱ्हाइकाच्या दारात ठेवायचा आणि पट्टी गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने फाडायची. फाटक्या पट्टीचा खोका पोचला तर आत जे फुटलं असेल ते ड्रायव्हरच्या माथी. एकतीस वर्षांत मी फाटक्या पट्टीचा एकही खोका कुणाच्या दारात ठेवला नाही. माझ्या नावावर सांगण्यासारखं तेवढंच आहे.

म्हणून मी ठरवलं होतं की ही बॅग जशी आहे तशी पोरीच्या हातात द्यायची. तिला आईचं शेवटचं तोंड समोर बसून बघायला मिळालं नाही. निदान आईने घातलेल्या घड्या तरी तिनेच आधी मोडाव्यात.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग ती सामानात देऊन टाका. खाली विमानाच्या पोटात जाते. कुणी विचारत नाही."

"छे. माल चढवणाऱ्यांना मी ओळखतो. मीही त्यातलाच. ज्या खोक्यावर 'जपून' लिहिलेलं असायचं तो आम्ही जरा लांबूनच टाकायचो."

तेव्हा मोठ्या बॅगेत माझे कपडे भरले, तेही मास्तरांच्या देखरेखीखाली. त्यांनी माझे बूट तीन वेळा काढायला लावले आणि चौथ्यांदा पहिल्याच जागी ठेवले. जाता जाता दारातून विचारलं, "त्या लहान बॅगेतून टिकटिक येतेय का हो?"

"येते," मी म्हणालो.

पहिल्या महिन्यात मला वाटलं नळ गळतोय. प्लंबरने दोनदा वायसर बदलला, तरी दुपारी घर शांत झालं की टिकटिक सुरूच. शेवटी पलंगाखाली वाकून बॅगेला कान लावला तेव्हा कळलं. घड्याळ असणार. पण उघडून बघायची इच्छा झाली नाही. म्हटलं, चालतंय तोवर चालू दे. सोबत होते.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने मोठी बॅग पट्ट्यावर ठेवून घेतली आणि विचारलं, "सामान तुम्ही स्वतः भरलंय ना, काका?"

"मोठी मी आणि मास्तरांनी. लहान हिने."

"ही म्हणजे?"

"माझी बायको."

"त्या पण येतायत?"

"नाही. ती वारली."

मुलीने बोटं कीबोर्डवरून काढली. "सॉरी काका. कधी?"

"अकरा महिने झाले."

"आणि बॅग कधी भरली?"

"त्याच्या आठ दिवस आधी."

तिने माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, मग मागच्या रांगेकडे बघितलं. पुढे वाकून हळूच म्हणाली, "काका, नुसतं 'मी भरली' म्हणा."

"पण मी नाही भरली."

"हो, पण म्हणा ना."

"भरायला मला येत असतं तर म्हणालो असतो. एकदा कंपनीत एक दिवस पॅकिंगला बसवलं होतं, तर सहा बरण्यांचे बारा तुकडे केले."

मागचा एक गृहस्थ म्हणाला, "अहो, तुमचं विमान चुकेल तर चुकेल, आमचं का चुकवताय?" मुलीने लहान बॅग वजनाला ठेवली. सात किलो चालत होतं. काट्यावर सहा किलो नऊशे आलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "वा! कंपनीच्या काट्यावर वजन करून आणली असणार." मुलगी म्हणाली, "काका, पुढे तपासणीला विचारतील, तिथे तुम्ही आणि ते बघून घ्या," आणि तिकीट हातात दिलं.

तपासणीला ट्रे घ्या, फोन त्यात टाका, पट्टा काढा, बूट काढा. पट्टा काढायला सांगणाऱ्याला माझी परिस्थिती माहीत नव्हती. अकरा महिन्यांत माझं पोट गेलं आणि पँट तीच राहिली. एका हाताने पँट धरून मी त्या चौकटीतून गेलो. पलीकडच्या जवानाने सांगितलं, "दोन्ही हात वर." मी म्हटलं, "एकच करतो." तो म्हणाला, "दोन्ही." मी म्हटलं, "साहेब, मग पुढचं तुमच्यावर." त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "बरं, एक एक करून करा."

तोवर माझी बॅग यंत्रात गेली होती. गेली ती बाहेर येईना. पट्टा थांबला, मागे गेला, पुढे आला, परत मागे गेला. पडद्यावर बसलेला माणूस पुढे वाकला. मग त्याने शेजारच्याला बोलावलं. शेजारच्याने साहेबाला बोलावलं. साहेब जाडजूड, मिशीवाला, हातात चहाचा कागदी पेला. त्याने पडद्याकडे बघितलं आणि पेला खाली ठेवला.

"ही बॅग कुणाची?"

"माझी. म्हणजे, पोचवायला माझ्याकडे आहे."

एकतीस वर्षांची सवय, तोंडातून तसंच आलं. माझ्या आजूबाजूची माणसं एकदम दोन पावलं मागे झाली. मघाशी काउंटरवर घाई करणारा गृहस्थ तर पार खांबाच्या पलीकडे गेला.

साहेबाने आवाज खाली आणला. "कुणी दिली?"

"बायकोने."

"आत काय आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"विचारायची पद्धत नाही आमच्यात. पट्टी लागली की लागली."

हातमोजे घातलेल्या तपासणीवाल्या बाईने बॅग टेबलावर आणली. चाळिशीची असेल, चेहऱ्यावरून कुणाला घाबरणारी वाटत नव्हती. पण बॅगेला कान लावला आणि तिचाही चेहरा बदलला. "साहेब, टिकटिक."

"टिकटिक का येतेय?" साहेबाने मला विचारलं.

"ती रोज येते," मी म्हणालो. "घाबरू नका. दोनदा प्लंबर बोलावला होता."

साहेबाने पडदा माझ्याकडे वळवला. आयुष्यात पहिल्यांदा मी बॅग न उघडता आतलं बघितलं. मधोमध गोल घड्याळ, काट्यांसकट. त्याच्या चारी बाजूंना विटांसारखे ठोकळे, एकावर एक नीट रचलेले. आणि त्या सगळ्याला वेढा घालून गेलेली वायर. मला बघताक्षणी हसू आलं. असं भरणारी बाई आमच्या कंपनीत एकच होती.

"हसताय काय?" साहेब ओरडला.

"काम बघा ना कसं नेटकं आहे. एक बोट जाईल एवढी जागा सोडली नाही."

बाईने एक कापडाची पट्टी बॅगेवरून फिरवली आणि स्फोटकांचा वास घेणाऱ्या एका यंत्रात घातली. यंत्राने विचार केला आणि हिरवा दिवा लावला. साहेबाने श्वास सोडला. "उघडा," तो बाईला म्हणाला.

मी बॅगेवर हात ठेवला. उजवा ठेवला, कारण डाव्यात पँट होती. "साहेब, उघडू नका. ही बॅग माझ्या पोरीने उघडायचीय." आणि मग चहाचं आधण, नववा महिना, एकतीस वर्षं, सगळं सांगितलं. एवढं एका दमात मी मास्तरांशीही बोललो नव्हतो. तपासणीवाली बाई मान खाली घालून ऐकत होती. साहेबाने मिशीवरून हात फिरवला.

"आजोबा, मला समजतं. पण न उघडता हे विमानात जाणार नाही. न्यायची असेल तर उघडावी लागेल. नाहीतर बॅग घेऊन परत घरी जा."

घरी जायचं म्हणजे परत पलंगाखाली. एकतीस वर्षांत पट्टी फाटली नव्हती आणि फाटायची वेळ आली ती हिच्याच हातच्या मालाची.

मग म्हणालो, "पोरीला फोन लावू द्या. तिला दिसू दे तरी."

"कॅमेरा इथे चालत नाही."

"मग ऐकू दे."

साहेब बाईकडे बघत राहिला, बाई साहेबाकडे. शेवटी तो म्हणाला, "बोला. पण फोटो नाही." आणि थंड झालेला चहा उचलून एका घोटात संपवला.

पोरीने पहिल्याच घंटीला उचललं. "बाबा, बसलात?"

"अजून नाही. इथे आईची बॅग उघडतायत."

पलीकडे 'जरा बाळाला घ्या' असं ऐकू आलं. मग, "का?"

"आईने आत बॉम्ब भरल्यासारखं दिसतंय."

"बाबा!"

"तुला बघता येणार नाही. एकेक निघेल तसं मी सांगतो. सांगू ना?"

"थांबा," ती म्हणाली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हं. सांगा. हळू."

बाईने चेन ओढली. मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि मालाची यादी वाचतात तसं सुरू केलं. "सर्वांत वर लहान बाळाचे मोजे. विणलेले. पिवळे. चार जोड."

"आता बाळाच्या अंगठ्यालासुद्धा होणार नाहीत," पोरगी म्हणाली.

"प्रत्येक मोजा कशाने तरी गच्च भरलाय." बाईने एक उलटा केला. "काचेचा लहान पेला निघाला. आपल्या कंपनीचा. आठ मोजे, आठ पेले. एकही फुटलेला नाही."

"फुटेल कसा," पोरगी म्हणाली.

"मग साबण. कपड्यांचे. बारा वड्या."

"मी एकदाच म्हणाले होते की इथल्या साबणाचा वास आवडत नाही! एकदाच!"

"वायर. विजेची जोडवायर आहे, पाच मीटर. मध्ये सेलवरचं गजराचं घड्याळ." ते घड्याळ बाईने हातात घेतलं. पाठीवर कागद चिकटवला होता. बाईनेच वाचला. "'उठायला शिक. आता आई झालीस.'"

फोनमधून पोरगी हसली. हसता हसताच तिचा आवाज फाटला, पण ती म्हणाली, "पुढे."

यानंतर बाईच सांगू लागली. मला बोलायचं काम राहिलं नाही. "ताई, एक लोकरीची टोपी आहे. माणसाची, तपकिरी."

"माझी टोपी!" मी ओरडलो. "मी अकरा महिने मास्तरांवर संशय घेतला!"

"टोपीत दाढीचं सामान. दोन बनियन. गुडघ्याचं मलम, लहान ट्यूब, चालेल. मग एक कटर आहे ताई, खोकी कापायचा, आणि चिकटपट्टीचं बंडल." ती थांबली. "पातं आहे त्याला. हे नाही नेता येणार."

तो हिचा कामावरचा कटर. अंगठा टेकायचा तिथला पिवळा रंग पार उडून गेला होता. येताना सामान परत बांधायला लागेल म्हणून घेतला असणार. बाईने टेबलाखालचा डबा दाखवला, कात्र्या आणि चाकू यांनी भरलेला.

पोरगीच म्हणाली, "मॅडम, पातं काढून घ्या. पातं तर आई दर आठवड्याला बदलायची. मूठ द्या फक्त."

बाईने साहेबाकडे बघितलं. साहेबाने मूठ उलटसुलट केली. "पात्याशिवाय हे काय, नुसतं प्लास्टिक," असं म्हणून स्वतःच पातं सरकवून काढलं आणि मूठ माझ्यासमोर ठेवली.

"आणि तळाला..." बाई म्हणाली आणि बॅग माझ्याकडे वळवली. मी बघितलं आणि मीच सांगितलं. "तळाला आईचे कपडे आहेत. दोन जोड. निळा स्वेटर. चपला, कागदात गुंडाळलेल्या."

फोनमधून बाळाचा आवाज येत होता, कुणावर तरी रागावल्यासारखा. पोरगी म्हणाली, "स्वेटर मीच घेऊन दिलेला होता."

"हो."

तेवढ्यात वरच्या भोंग्यातून आमच्या विमानाची हाक झाली. साहेब म्हणाला, "आजोबा, भरा आता पटकन."

बाईने सगळं गोळा करून आत टाकलं. झाकण एक वीत वर राहिलं. मग तिने दाबलं. मग चौकटीवरच्या जवानाला बोलावलं, त्याने दाबलं. मग साहेब स्वतः झाकणावर बसला. बॅगेचा एक कोपरा कण्हला आणि साहेब उठला. "हे आत मावलं कसं होतं?" तो म्हणाला. "आत्ताच तर यातूनच काढलं ना आपण?"

"साहेब, पॅकिंगमधला सव्वीस वर्षांचा हात आहे तो," मी म्हणालो. "आपल्याला नाही जमायचं. थोडं राहू द्या इथेच."

"काही राहणार नाही!" फोन ओरडला. "बाबा, सगळं बाहेर काढा. मी सांगते तसं करा."

शाळा सुटली की पोरगी पॅकिंग खात्यात आईच्या टेबलाखाली वही घेऊन बसायची. मला वाटायचं ती अभ्यास करते.

"मला येत नाही गं. बरण्यांचं माहीत आहे ना तुला?"

"सगळ्या कंपनीला माहीत आहे. चपला आधी, तळाला, टाच भिंतीकडे. मग साबण, उभे. आडवे नाही, उभे. मधे घड्याळ."

मी भरू लागलो. पँट सोडावी लागणार होती. जवानाने न सांगता माझा पट्टा आणून माझ्याभोवती गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाला, "करा आता दोन्ही हातांनी." बाई एकेक वस्तू हातात देत होती. वायर कडेने. पेले परत मोज्यांत. टोपीत बनियन. "जागा राहिली?" पोरगी विचारायची आणि मी म्हणायचो, "दोन बोटं," की ती म्हणायची, "मलम घाला तिथे." दुसऱ्यांदा हाक झाली. भोंग्यातल्या बाईने माझं नाव चुकीचं घेतलं, पण ते माझंच होतं.

"आता आईचे कपडे," पोरगी म्हणाली.

"ते खाली होते."

"माहीत आहे. वर ठेवा. मला उघडल्यावर आधी ते दिसले पाहिजेत."

मी निळा स्वेटर वर ठेवला. बाह्या आत दुमडल्या. हिच्यासारखी घडी जमली नाही, पण पसारा दिसत नव्हता. झाकण टेकलं. चेन साहेबाने ओढली. ती अर्ध्यावर अडली नाही.

"हलवून बघा," पोरगी म्हणाली. "कानाशी धरून."

मी बॅग कानाशी धरून हलवली. आत कुठेतरी खळखळ झाली. बारीक, पण झाली. साहेब घाईघाईने म्हणाला, "काही नाही, काही नाही, जा तुम्ही."

"वाजलं ना?" फोन म्हणाला. "मला ऐकू आलं. उघडा."

साहेब, बाई, जवान, तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी बॅग परत टेबलावर ठेवली आणि चेन ओढली. एका मोज्यात पेला सैल बसला होता. बाईने आपल्या हातातला एक रबरी हातमोजा काढला, चुरगळला आणि फटीत कोंबला. "बंद करा," ती म्हणाली. "तपासून झालेला आहे तो."

या खेपेला आवाज आला नाही.

मी पळालो. बूट नीट घातले नव्हते, पट्ट्याची गाठ कमरेला टोचत होती. लांब दाराशी एक मुलगा "या, या, काका" असं हात हलवत होता. फोन शर्टाच्या खिशात तसाच चालू होता. एकतीस वर्षांत कुठलंही गिऱ्हाईक खिशात बसून माल न्यायला आलं नव्हतं.

"बाबा, पळताय का?"

"हो."

"पळू नका, पडाल. आणि बॅग आडवी धरलीय का?"

मी खाली बघितलं. आडवीच धरली होती.

"नाही," मी म्हणालो आणि उभी केली.